रेघेच्या वर दोन बोटं

१

हिवाळ्यातल्या पहिल्या थंड शनिवारी घळीत जायचं, हा माझ्या बालमित्राचा, हारिबचा, आणि माझा नेम. मी निवृत्त झालो त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही. हारिब त्याची पिकअप आणतो. मी कॉफीचा थर्मास आणि खजूर घेतो, तो वाळवलेल्या शार्कचे तुकडे आणि बायकोने केलेल्या पापडासारख्या पातळ भाकऱ्या. रस्ता संपतो तिथे शेवटच्या खजुराखाली गाडी लावायची, झगे कमरेला खोचायचे आणि चालायला लागायचं. पहिला डोह गुडघाभर, हिरवा. दुसऱ्यात पोहावं लागतं. तिसऱ्याशी आम्ही थांबतो, डुंबतो, खातो, त्याच त्या जुन्या गोष्टींवर पुन्हा हसतो आणि उन्हं कलायच्या आत परत फिरतो.

तिसऱ्या डोहाच्या वर आम्ही कधी गेलो नाही. हारिबचे गुडघे, माझा रक्तदाब, वर सुटलेले दगड. कारणं मला नेहमीच चटकन सापडतात.

यंदा नबहान आमच्याबरोबर येणार होता. नबहान माझा धाकटा भाऊ. दहाव्या वर्षी काकांबरोबर कुवेतला गेला आणि आता एकाहत्तराव्या वर्षी कायमचा परत आला. मधल्या काळात तो चारदा गावी आला, त्यातलं दोनदा आईवडिलांच्या मयतीला. दोन्ही वेळा उशिरा पोचला.

गुरुवारी त्याचा फोन आला.

"मुहन्ना, शनिवारी जाताय ना? मी येतो. पण दल्ल्यापर्यंत जायचं."

"तिथे आता बघण्यासारखं काही नाही," मी म्हणालो.

"मग जायला काय हरकत आहे?"

मी काहीतरी बोललो. वाट खराब आहे म्हणालो असेन. तो शांतपणे ऐकत राहिला. कुवेतमध्ये साठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढलेल्या माणसाची ती शांतता होती, आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

२

दल्ला म्हणजे आमच्याकडची कॉफीची सुरई. खाली पोट फुगलेलं, वर मान अरुंद. तिसऱ्या डोहाच्या वर, कातळाच्या एका कोनाड्यात तसंच एक कुंड आहे. तोंड घरातल्या दरवाजाएवढंही नाही, आत मात्र चार पोरं हातपाय मारू शकतील एवढं पोट. त्यात पाणी येतं ते पुराच्या वेळी. एरवी ना येतं ना जातं. आमच्या लहानपणी गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं ते तिथेच.

वडील गावच्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावत. अंगणात रोवलेल्या काठीची सावली कोणत्या खुणेवर आली ते बघून कोणाच्या बागेचं दार उघडायचं ते ठरायचं, आणि वडिलांनी सांगितलेली सावली कोणी कधी तपासून पाहिली नाही. दल्ल्याचा नियमही त्यांच्याकडेच होता. आमच्याकडे पोरांची डोकी मोजत नाहीत. एक, दोन, तीन असं बोट दाखवून मोजलं की त्यांना नजर लागते, असं समजतात. मग पाण्यात उतरलेली सगळी पोरं बाहेर आली की नाही, हे कळायचं कसं? तर उतरण्यापूर्वी पाण्याच्या कडेला कोळशाने कातळावर रेघ मारायची. पोरं आत गेली की पाणी रेघेच्या वर चढतं, कारण तोंड अरुंद आहे. सगळी बाहेर आली की परत रेघेवर येतं. जो शेवटी बाहेर येईल त्याने रेघ बघायची आणि मग सगळ्यांनी घरी जायचं.

पुढे मी पाण्याच्या शास्त्रात डॉक्टरेट केली, चाळीस वर्षं धरणं आणि विहिरी मोजल्या. त्या नियमात मला अजूनही चूक सापडलेली नाही. बारा वर्षांचं पोर साधारण तीस लिटर पाणी सारतं. त्या तोंडाला तीस लिटर म्हणजे दोन बोटं. पोरं बाहेर आल्यावर पाणी रेघेच्या केसभर खालीच जायला हवं, कारण अंगावरून थोडं बाहेर जातं. वर राहायचं काही कारणच नाही.

३

ते दिवस आठवले की मला आजही खजुराच्या पाकाचा वास येतो. गावात ना वीज होती ना रस्ता. आम्ही तिघे, मी, हारिब आणि नबहान, पहाटे शेळ्यांच्या मागून निघायचो आणि शेळ्यांना विसरून घळीत शिरायचो. दुपारी ऊन फक्त तासभर दल्ल्याच्या तोंडात शिरे. तेव्हा आतलं पाणी आरपार हिरवं दिसे आणि एकमेकांचे पाय बेडकासारखे. इतका निर्भेळ आनंद मला पुढे कोणत्याही पदवीने दिला नाही, लग्नाने दिला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

त्या दिवशी हारिब आधी बाहेर आला आणि शार्क भाजायला काटक्या पेटवू लागला. मग आम्ही दोघे आलो. तिघेही थंडीने कुडकुडत होतो. हारिबचे दात वाजत होते आणि नबहान त्याची नक्कल करत होता. मी रेघ बघायला वाकलो.

पाणी रेघेच्या वर दोन बोटं होतं.

मी थांबलो. पाणी हलतं, स्थिर व्हायला वेळ लागतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते आरशासारखं स्थिर झालं. दोन बोटं. मी वळून पाहिलं. हारिब फुंकर घालत होता. नबहान खजूर खात होता. मी होतो. गावातलं दुसरं कोणी त्या दिवशी आमच्याबरोबर आलेलं नव्हतं.

"झालं का रे? जळून कोळसा होईल हा मासा!" हारिब ओरडला.

"झालं," मी म्हणालो.

४

रात्री जेवताना वडिलांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पाणी खाली आलं?" मी खोटं बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "नाही." ते हात धुऊन उठले. सकाळी उजाडताच एकटे घळीत गेले आणि दुपारी परत आले. जेवले नाहीत. मला बागेच्या भिंतीमागे घेऊन गेले.

"शेवटी बाहेर कोण आलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते सावली विचारावी तसं विचारत होते. आणि मला उमगलं की ते काय मोजत आहेत. आम्ही तिघे आत गेलो. तिघे बाहेर आलो. आणि एक जण आतच राहिला होता. म्हणजे बाहेर आलेल्यांपैकी एक नुसता दिसत होता, पाणी सारणारा खरा मुलगा खालीच होता; आणि आत शेवटी एकटा उरला होता त्याच्यावरच संशय जाणार होता.

"नबहान," मी म्हणालो.

"रेघ तर तू बघितलीस."

"बघितली फक्त. शेवटी तो आला."

आईने त्या दिवसापासून नबहानला हाताने घास भरवला नाही. ताट पुढे ठेवायची आणि हात मागे घ्यायची. त्याची चटई माझ्या शेजारून उचलून दाराशी गेली. तो रडायचा. "मी मुहन्नाच्या आधी आलो होतो," एवढंच म्हणायचा, आणि सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मी जमिनीकडे. कोणी त्याला मारलं नाही, हाकललं नाही. उन्हाळ्यात काका आले आणि त्याला कुवेतला घेऊन गेले. निघताना आईने त्याच्यावरून पाणी ओवाळलं, पण जवळ घेतलं नाही.

आता या वयात स्वतःशी तरी सरळ बोलावं. मी खोटं का बोललो? घाबरलो म्हणून, हे झालंच. पण आणखी एक गोष्ट आहे, ती मी कोणाला सांगितलेली नाही. त्या दिवसाचं मला दोन प्रकारे आठवतं. एक, मी वाकून रेघ बघतोय. आणि दुसरं, मी पाण्यात खाली आहे, डोळे उघडे आहेत, वर गोल आकाश आहे आणि त्या गोलाच्या काठावर तीन मुलं उभी आहेत.

माणसाची आठवण फसवी असते, हे मी वाचलेलं आहे. लहानपणीच्या आठवणी मागाहून रचल्या जातात, हेही. इंग्लंडला शिकत असताना वसतिगृहात टब होता. एका रविवारी मी तो काठोकाठ भरला. कपडे काढले. अर्धा तास थंडीत उघडा उभा राहिलो. मग बूच काढून पाणी सोडून दिलं. त्यानंतर आयुष्यभर बादली आणि तांब्या, नाहीतर समुद्र, नाहीतर घळीतले वाहते डोह. वाहत्या पाण्यात काही कळत नाही.

५

शनिवारी हवा स्वच्छ होती. पहिल्या डोहाशी हारिबने झगा खोचला आणि त्याचं तोंड सुरू झालं.

"नबहान, लेका, कुवेतमध्ये तुला चालायला पाय होते की नुसते एसी होते?"

"तुझ्यापेक्षा बरे आहेत. तू तर गाभण उंटिणीसारखा चालतोयस."

"ऐकलंस डॉक्टर? साठ वर्षांनी आला आणि पहिला मान दिला तो असा!"

मी हसलो. खरंच हसलो. पाण्यात ऊन तुटून कातळावर नाचत होतं, वर उंच कपारीत पारवे घुमत होते, आणि क्षणभर मला वाटलं की मधली वर्षं कोणीतरी उगाच घातली होती आणि आता काढून घेतली. दुसऱ्या डोहात आम्ही तिघे म्हातारे पोहत गेलो, जेवणाच्या पिशव्या हारिबच्या आणि माझ्या डोक्यावर बांधून. नबहान मध्ये थांबला, उताणा तरंगला आणि आकाशाकडे बघत म्हणाला, "हे मला रोज झोपताना दिसायचं. रोज."

हारिब हळूच पुढे पोहत गेला.

तिसऱ्या डोहाशी आम्ही नेहमीच्या दगडावर बसलो. मी थर्मास उघडला. नबहानने कॉफीचं एक छोटं फिंजान रिकामं केलं, पुरे म्हणून पेला हलवून परत दिला आणि उठला.

"चला."

"खाऊन जाऊ," मी म्हणालो.

"नंतर खाऊ."

वर चढायला जेमतेम पाव तास लागला. मी इतकी वर्षं सांगत आलो ते सुटलेले दगड कुठेच नव्हते.

६

कुंड मला वाटत होतं तितकं लहान झालेलं नव्हतं. लहानपणच्या जागा मोठेपणी लहान वाटतात म्हणतात. ही होती तेवढीच होती. पाणी स्तब्ध, गडद. काठावर कोणाचा वावर दिसत नव्हता. हल्लीची पोरं खालच्याच डोहात फोटो काढतात.

नबहानने खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोळशाचा तुकडा काढला. घरून आणला होता. वाकला आणि पाण्याच्या कडेला काळजीपूर्वक रेघ मारली.

"हे काय चाललंय?" हारिब म्हणाला.

मग नबहानने त्याला सांगितलं. सरळ, चार वाक्यांत. हारिब माझ्याकडे बघत राहिला.

"साठ वर्षं! साठ वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी समजत होतो तुला तिकडे नोकरी लागली म्हणून पाठवलं!"

"दहाव्या वर्षी कसली नोकरी रे?" नबहान म्हणाला. "पहिल्याच वर्षी मला काकांच्या मालकाच्या गच्चीवरची टाकी धुवायला सांगितली. भरलेली होती. कोणी बघत नाही असं बघून मी आत उतरलो. पाणी बाहेर सांडलं, जिन्यावरून खाली गेलं. मालकाने येऊन कानाखाली वाजवली. मी हसत होतो. तो आणखी मारत होता आणि मी आणखी हसत होतो."

कातळातून कुठेतरी थेंब पडत होता.

"तू कळवलं का नाहीस?" मी विचारलं.

"कोणाला कळवू? आईला? मी नसेन तर मग तू, नाहीतर हा. आईचा एक मुलगा गेलाच होता." तो झगा उतरवू लागला. आत त्याने लुंगी नेसलेली होती. "मी आता एकाहत्तरचा आहे मुहन्ना. एक दिवस लोक माझी मयत फळीवर धुतील. त्याच्या आधी एकदा हे तुझ्यासमोर व्हावं, एवढंच. मला दुसरं काही नको."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. शेवटी मी आलो होतो, एवढं वाक्य. ते माझ्या जिभेवर होतं. पण ते म्हटलं तर पुढचं पाऊल काय, हे मला दिसत होतं, आणि मी त्या पावलाला भीत होतो.

नबहान उतरला. पाणी चढलं. रेघ बुडाली, वर चार बोटं. तो बाहेर आला. पाणी उतरून रेघेवर थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. अंग पुसत राहिला.

"म्हणजे मी असू शकतो!" हारिब एकदम ओरडला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "थांबा. थांबा जरा." आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून तो माणूस, त्र्याहत्तर वर्षांचा, नाक धरून धप्पकन आत पडला. पाणी उसळून काठावर आलं, आमचे पाय भिजले. तो वर आला तो खोकत, हसत, शिव्या देत.

"पाच बोटं! बघितलंत? पाच! बायकोला सांगा, हे पोट खरं आहे!"

आम्ही त्याला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. तो ओली लुंगी बदलायला खडकाआड गेला. त्याचं हसणं आणि खोकणं तिकडून ऐकू येत होतं. मग तेही कमी झालं. आता मीच उरलो होतो, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं.

नबहानने अंग पुसलेल्या फडक्याने कडेचा कातळ कोरडा केला आणि पाण्याच्या नव्या कडेला रेघ पुन्हा मारली.

"नको असेल तर राहू दे," तो म्हणाला. लहान मुलाशी बोलावं तसं.

७

मी उतरलो.

पाणी थंड असेल असं वाटलं होतं. घोटे, गुडघे, कंबर. ते अंगाला लागत होतं, ओलं होतं, मला ते लागत होतं, हे मी पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होतो. ज्याला पाणी लागतं तो असतोच. शास्त्र दुसरं काय सांगेल? गळ्यापर्यंत आल्यावर मी काठ सोडला. डोकंही बुडवायचं असा नियम होता. श्वास घेतला आणि खाली गेलो.

आत शांत होतं. ऊन नुकतंच तोंडात शिरत होतं. हिरवा उजेड वरून खाली झिरपत माझ्या हातांवर आला आणि मला एकदम इतकं आपलं वाटलं, इतकं घरी आल्यासारखं, की भीती कुठल्या कुठे गेली. मला वर जावंसं वाटेना. मी पाय पोटाशी घेतले.

तेव्हा कोणीतरी माझा गुडघा हलकेच बाजूला सारला. लहान तळवा होता. मऊ, उबदार. एका चटईवर झोपलेली भावंडं झोपेत एकमेकांना सारतात, तसा. त्यात राग नव्हता. फक्त जागा हवी होती.

मी खाली पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का, हा प्रश्न मी त्यानंतर रोज स्वतःला विचारतो. मी वर पाहिलं. गोल आकाश होतं आणि काठावर एकटा नबहान, वाकलेला, रेघेकडे बघत.

मी वर आलो, काठ धरला. पाण्याने डोळे भरले होते, त्यामुळे रेघ मला दिसत नव्हती. दिसत होता तो त्याचा चेहरा. तो बराच वेळ रेघेकडे बघत होता. जेवणाच्या ताटाशी बसून आईच्या हाताकडे बघायचा, अगदी तसा. मग त्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. ज्यासाठी तो साठ वर्षांनी इतक्या वर चढून आला होता, ते त्याच्यापुढे होतं. हारिबला हाक मारायची, बोट दाखवायचं, एवढंच बाकी होतं.

"काय रे?" खडकाआडून हारिबने विचारलं. "डॉक्टरचं काय? किती?"

नबहानने उजवा तळहात कातळावर ठेवला, रेघ होती तिथे, पाण्याला लागून, आणि जोर देऊन फिरवला.

"चार बोटं," तो मोठ्याने म्हणाला. "आहे आपला डॉक्टर. काढ त्या भाकऱ्या बाहेर, भूक लागली."

"अल्लाचे उपकार!" हारिब म्हणाला आणि पुन्हा खोकत हसायला लागला.

मला काही बोलायचं होतं. "नबहान," मी म्हणालो, "त्या दिवशी शेवटी..."

"गप," तो हळूच म्हणाला. "वर ये."

आणि मला ओढून घ्यायला त्याने तोच हात पुढे केला. बोटांपासून मनगटापर्यंत कोळशाने काळा झालेला, आणि अगदी कोरडा.